फिरकी गोलंदाजाचं मोठेपण कुठे बघायचं?

प्रश्न असा आहे: मुरलीधरन ८००, वॉर्न ७०८, कुंबळे ६१९, अश्विन ५३७. क्रम तर लागलेलाच आहे, मग कसोटीतला महान फिरकी गोलंदाज कोण यावर वाद कशाला? आणि नुसत्या विकेट पुरत नसतील, तर बघायचं तरी काय?

मी डावखुरी फिरकी टाकत मुंबईच्या मैदानांवर वाढलो, पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर खेळलो आणि आता पोरांना फिरकी शिकवतो. म्हणून आकड्यांच्या आधी चेंडू हातातून सुटतो तिथपासून सांगतो. टप्पा पडल्यावर चेंडू किती वळला, हे बरंचसं खेळपट्टीचं देणं असतं. टप्पा पडायच्या आधी हवेत जे घडलं, ते मात्र पूर्णपणे गोलंदाजाच्या मालकीचं. दुसरी गोष्ट, फलंदाजाला तुमचा चेंडू एकदा कळला की त्यानंतर तुम्ही काय करता. या दोन जागा सोडून फिरकीवाल्याचं मोठेपण मी तिसरीकडे शोधत नाही.

आधी खेळपट्टीचा हिशेब करू, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

पुण्याजवळ गहुंजेला फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. सामन्यात ७० धावांत १२. भारत १०५ आणि १०७ मध्ये आटोपला, सामना तिसऱ्या दिवशीच संपला आणि आयसीसीने त्या खेळपट्टीला निकृष्ट ठरवलं. आता तीन आठवडे पुढे या. रांचीच्या खेळपट्टीवर याच ओकीफने एका डावात ७७ षटकं टाकली, १९९ धावा दिल्या आणि ३ बळी घेतले. समोर पुजारा ५२५ चेंडू खेळून २०२ धावा करून गेला. गोलंदाज तोच, हात तोच, फलंदाज बहुतेक तेच. बदलली होती ती माती. ओकीफ मेहनती आणि शिस्तीचा गोलंदाज होता, रांचीतली ७७ षटकं हीच त्याची साक्ष आहे. पण ९ कसोटींत ३५ बळींवर त्याची कारकीर्द थांबली, त्यातले १२ एकट्या गहुंजेचे.

याहून मोठं उदाहरण हवं असेल तर वानखेडे, नोव्हेंबर २००४. मायकेल क्लार्क हा मुळात फलंदाज. त्याने ६.२ षटकांत ९ धावा देऊन ६ बळी घेतले. शेन वॉर्न त्या सामन्यात नव्हता, सरावात अंगठा मोडला होता. पुढे अहमदाबादला फेब्रुवारी २०२१ मध्ये जो रूटने ८ धावांत ५ बळी घेतले, आणि योगायोग बघा, षटकं तेवढीच, ६.२. हे दोघेही कामचलाऊ फिरकीवाले. अशा खेळपट्टीवर चेंडू यष्टीच्या रोखाने टप्प्यावर ठेवायचा, एखादा वळतो, एखादा सरळ जातो आणि कुठला काय करेल हे गोलंदाजालाही ठाऊक नसतं. बळी मिळतात, सामने जिंकले जातात, ते मोलाचं आहेच. पण त्यावरून गोलंदाज जोखता येत नाही.

तरीही 'खेळपट्टीने दिलं' एवढं म्हणून मोकळं होऊ नये. १९५६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला जिम लेकरने ऑस्ट्रेलियाचे ९० धावांत १९ बळी घेतले. खेळपट्टी फिरकीची होती याबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण दुसऱ्या टोकाला टोनी लॉक होता, इंग्लंडचा अव्वल डावखुरा फिरकीपटू. लेकरने त्या सामन्यात ६८ षटकं टाकली, लॉकने ६९. लॉकला मिळाली एक विकेट. लेकर एका लयीत, एका टप्प्यावर, चेंडूला भरपूर पीळ देत टाकत राहिला. समोर बळींची रास पडताना दिसू लागल्यावर लॉक जास्त जोरात आणि आखूड टाकू लागला. मदत करणाऱ्या खेळपट्टीवर फिरकीवाल्याची जी परीक्षा होते ती हीच. दहा क्षेत्ररक्षक 'आता पडेल, आता पडेल' म्हणून ओरडत असताना स्वतःच्या टप्प्यावर राहता येतं का? माझ्याकडची पोरं वळणाऱ्या खेळपट्टीवर जास्त वाईट टाकतात. प्रत्येक चेंडू वळवायच्या नादात टप्पा आखूड होतो.

आता हवेतल्या गोष्टी. चेंडू पुढच्या दिशेने गरगरत गेला, म्हणजे त्यात टॉपस्पिन असली, तर हवा त्याला खाली ढकलते. भौतिकशास्त्रात त्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. मैदानावर आपण म्हणतो चेंडू डिप झाला. फलंदाजाला वाटतं चेंडू पायाशी येणार, तो पाऊल टाकतो आणि चेंडू त्याच्या अंदाजाच्या हातभर अलीकडे पडतो. मग टॉपस्पिनमुळेच उसळीही जास्त मिळते आणि झेल फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या शॉर्ट लेगला किंवा सिली पॉइंटला जातो. चेंडू आडवा फिरत असेल तर तो हवेतच बाजूला सरकतो, तो ड्रिफ्ट. उजव्या हाताच्या फलंदाजाला लेगस्पिनरचा चेंडू हवेत आत, पॅडकडे येतो आणि टप्प्यानंतर बाहेर जातो. ऑफस्पिनरचा हवेत बाहेर, स्लिपकडे सरकतो आणि टप्प्यानंतर आत येतो. दोन्हीकडे फलंदाजाला आधी एका बाजूला ओढायचं आणि मग दुसऱ्या बाजूने हरवायचं, हा डाव.

४ जून १९९३ ला ओल्ड ट्रॅफर्डवर वॉर्नने ॲशेसमधला, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेतला, आपला पहिलाच चेंडू टाकला आणि माइक गॅटिंगचा त्रिफळा उडवला. त्या चेंडूबद्दल बोलताना सगळे तो किती वळला हेच सांगतात. पुन्हा बघा. चेंडू आधी हवेत उशिरा लेग स्टंपच्या बाहेर सरकला. त्यामुळे गॅटिंगची बॅट आणि पॅड त्या रेषेत गेले आणि ऑफ स्टंप उघडा पडला. वळण नंतर आलं. हवेतला तो सरकणारा भाग नसता, तर इतकं वळूनही गॅटिंगने तो बहुधा पॅडने अडवला असता. गॅटिंग फिरकी उत्तम खेळायचा, हे विसरू नका. चेंडूला इतका पीळ द्यायला मनगट, खांदा आणि पुढच्या पायावर फिरणारी कंबर, सगळं एका क्षणी लागतं. वॉर्नचं धावणं नव्हतंच जवळपास, चालत यायचा. सगळी ताकद शेवटच्या दोन पावलांत.

म्हणून टीव्हीवर सामना बघताना माझी नजर खेळपट्टीवरून निघणाऱ्या धुळीकडे नसते, फलंदाजाच्या पायांकडे असते. चांगला फलंदाज फिरकीला एकतर पूर्ण पुढे जातो किंवा पूर्ण मागे. तो मधेच अडकला, पाऊल अर्धंच पडलं, बॅट शरीरापुढे आली, तर त्याला लांबीचा अंदाज आलेला नाही. एखाद्या फिरकीवाल्याने सकाळच्या सत्रात एकही बळी घेतला नसेल, पण लागोपाठ चार षटकं फलंदाज असा अडकलेला असेल, तर तो उत्तम गोलंदाजी करतोय. धावफलकात यातलं काहीही उतरत नाही. यष्टिरक्षकाचे ग्लोव्ह्जही बघा. तो चेंडू कुठल्या उंचीवर घेतोय? छातीशी घेत असेल तर पीळ आहे, गुडघ्याखाली घेत असेल तर चेंडू नुसता टाकला जातोय.

पीळ आहे पण वेग चुकला, तरी सगळं फुकट जातं. वानखेडेची लाल माती उसळी देते. २०१२ मध्ये तिथे इंग्लंडच्या माँटी पानेसरने ११ आणि ग्रॅम स्वानने ८ बळी घेतले, म्हणजे भारताचे २० पैकी १९. भारताने फिरकीची खेळपट्टी केली होती, संघात अश्विन, हरभजन आणि ओझा असे तीन फिरकीवाले होते, आणि सामना इंग्लंडने दहा गडी राखून जिंकला. पानेसर त्या खेळपट्टीला हवा तसा जोरात टाकत होता, टप्पा सोडत नव्हता. काळ्या मातीच्या संथ खेळपट्टीवर तोच वेग वेगळा ठरतो, सुरतेच्या मातीवर वेगळा, गॉलच्या वेगळा. पहिल्या तीन-चार षटकांत खेळपट्टीचा वेग ओळखून स्वतःचा वेग तिच्याशी जुळवणं हे मोठ्या गोलंदाजाचं काम आहे. हे शिकवता येतं का? थोडंफार. बाकी हजारो षटकांतून येतं.

चेंडूचाही मुद्दा आहे. भारतात एसजीचा चेंडू, हाताने शिवलेला, शिवण उंच. बोटांना पकड मिळते, टप्प्यावर शिवण जमिनीला धरते. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, न्यूझीलंडमध्ये कुकाबुरा, त्याची शिवण पंचवीस-तीस षटकांत बसते. इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये ड्यूक्स. बोटाने फिरकी करणाऱ्यासाठी बसलेल्या शिवणीचा कुकाबुरा आणि टणक ऑस्ट्रेलियन खेळपट्टी यांच्याइतकी कठीण जोडी दुसरी नाही. म्हणूनच नेथन लायनबद्दल मला आदर आहे. ॲडलेडला मैदानाची निगा राखणाऱ्यांत काम केलेला हा ऑफस्पिनर, निम्म्याहून अधिक कसोटी घरच्या, म्हणजे ऑफस्पिनला परक्या असलेल्या, खेळपट्ट्यांवर खेळला आणि ५०० च्या पुढे गेला. वळण मिळत नाही म्हणून त्याने टॉपस्पिनवर आणि उसळीवर आपलं घर बांधलं. आपल्याकडे लायनची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

आणि घरच्या-बाहेरच्या कामगिरीवर बोलायचं तर एरापल्ली प्रसन्नांपासून सुरुवात करावी. १९६७-६८ च्या दौऱ्यात भारत ऑस्ट्रेलियात चारही कसोटी हरला. प्रसन्नांनी त्या हरणाऱ्या संघातून २५ बळी घेतले. तिथूनच पुढे न्यूझीलंडमध्ये २४, आणि भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली. पाठीमागे धावा नाहीत, समोर उसळीच्या टणक खेळपट्ट्या, तरी चेंडू हवेत टांगायची हिंमत त्यांनी सोडली नाही. प्रसन्नांची कारकिर्दीची सरासरी ३० च्या थोडी वर आहे. नुसता तक्ता बघणारा त्यांना खाली ढकलेल. मी नाही ढकलणार. याउलट पाकिस्तानचा अब्दुल कादिर, लेगस्पिन मरायला टेकली होती तेव्हा ती जिवंत ठेवणारा. त्याचं ऋण सगळ्या लेगस्पिनरांवर आहे. पण त्याच्या २३६ पैकी १६८ विकेट घरच्या मैदानांवर आल्या आणि बाहेर सरासरी पन्नाशीच्या जवळ गेली. कलाकार म्हणून तो पहिल्या रांगेत बसतो, कसोटी गोलंदाज म्हणून मी त्याला दुसऱ्या रांगेत ठेवतो.

आता दुसरी जागा: फलंदाजाला कळल्यानंतर.

२००८ मध्ये श्रीलंकेच्या अजंता मेंडिसने भारताविरुद्ध पहिल्याच मालिकेत, तीन कसोटींत, २६ बळी घेतले. मधल्या बोटाने टिचकी मारून सोडलेला तो कॅरम बॉल कुणाला वाचता येईना. द्रविड, लक्ष्मण, तेंडुलकर, गांगुली असलेली फळी होती ती. मग जगभरच्या संघांनी चित्रफिती लावून त्याचा हात अभ्यासला. मेंडिस १९ कसोटी आणि ७० बळींवर थांबला. गूढ उकलल्यावर मागे टाकायला त्याच्याकडे ड्रिफ्ट नव्हता, लूप म्हणजे चेंडूची हवेतली कमान नव्हती, लांबीतले बारीक फेरफार नव्हते. नवा चेंडू शोधणारा दर दोन-चार वर्षांनी येतो, त्याने हुरळून जाऊ नये. त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मालिकेची वाट बघावी.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कुंबळे. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीन कसोटींत त्याला ५ बळी मिळाले, सरासरी ९०. 'घरचा वाघ', 'सरळ टाकणारा लेगस्पिनर', काय काय ऐकून घेतलं त्याने. त्यानंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली. परतला तेव्हा वय तिशीपार. या वयात गोलंदाज आहे तेच सांभाळतात. कुंबळेने हळू, उंचीवरून येणारी गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखा दिसून उलट आत वळणारा चेंडू, कमावली आणि वेगातले चढउतार वाढवले. २००३-०४ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलिया, पुन्हा तीन कसोटी, आणि २४ बळी. सिडनीच्या त्या सामन्यात भारताने ७ बाद ७०५ वर डाव घोषित केला होता, यावरून खेळपट्टी किती पाटा होती ते समजा. तिथल्या घरच्या लेगस्पिनरला, स्टुअर्ट मॅकगिलला, त्या डावात एकही बळी मिळाला नव्हता. त्याच पट्टीवर कुंबळेने १४१ धावांत ८ घेतले आणि त्यात लँगर, हेडन, पाँटिंग, मार्टिन होते. तळाच्या फलंदाजांचं शेपूट गुंडाळून मिळवलेले आठ नव्हते ते. दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध १९९९ मध्ये ७४ धावांत घेतलेल्या दहा बळींची गोष्ट घराघरात माहीत आहे, पण फिरकी शिकणाऱ्या मुलाला मी आधी सिडनी दाखवतो. भारतातल्या खेळपट्ट्यांवर जे कमावलं होतं, त्यात भर घालून तो जिथे अपयशी ठरला तिथेच परत गेला.

अश्विनचंही असंच. ५३७ पैकी ३८३ बळी भारतात, म्हणून त्याला कमी लेखणारे भेटतात. त्यांना मी डिसेंबर २०२० मधला स्टीव्ह स्मिथ दाखवतो. ॲडलेडला अश्विनने त्याला सरळ जाणाऱ्या चेंडूवर १ धावेवर स्लिपमध्ये रहाणेकडे झेल द्यायला लावला. ज्या फलंदाजाला वळण अपेक्षित आहे त्याला न वळणारा चेंडू. पुढच्याच सामन्यात, मेलबर्नला, शरीराच्या रोखाने टाकत राहिला आणि लेगला मागच्या बाजूला पुजारा उभा केला. स्मिथ शून्यावर, झेल पुजाराचा. दोन सामन्यांत एकाच माणसासाठी दोन वेगळे सापळे, दोन विरुद्ध बाजूंना. मग सिडनीत स्मिथ बदलून आला, पाय वापरून अश्विनवर चालून गेला, १३१ केल्या. दुसऱ्या डावात ८१ वर अश्विननेच त्याला पायचीत केलं. दोघेही प्रत्येक सामन्यात नवं उत्तर शोधत होते. कसोटी फिरकी म्हणजे माझ्या लेखी हीच. त्या वेळी अश्विन उजव्या-डाव्या दोन्ही हातांच्या फलंदाजांना वेगवेगळ्या कोनातून, क्रीजची पूर्ण रुंदी वापरून टाकत होता. २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या तिथल्या मालिकेत त्याला एकही कसोटी खेळवली नाही आणि २०२३ च्या विश्व कसोटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही बाहेर बसवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. बाहेरचे बळी कमी का, हे विचारताना बाहेर खेळवलं किती, हेही विचारायला हवं.

आता मुख्य वाद, मुरली की वॉर्न. बाजू दोन्हीकडे भक्कम आहेत. मुरलीच्या ८०० पैकी १७६ विकेट झिम्बाब्वे आणि बांगलादेशच्या, वॉर्नच्या फक्त १७. ऑस्ट्रेलियात मुरलीला ५ कसोटींत १२ बळी मिळाले, सरासरी ७५. भारतात त्याची सरासरी ४५. पण वॉर्नच्या जोडीला होता तसा वेगवान मॅकग्रा मुरलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हता. श्रीलंकेचं आक्रमण वर्षानुवर्षं एका खांद्यावर होतं, ४४ हजारांहून अधिक चेंडू टाकले त्या खांद्याने. आणि ज्यांना वाटतं मुरलीला कँडी-गॉलचीच पट्टी लागायची, त्यांनी १९९८ चं ओव्हल बघावं. पहिल्या दिवशी, चांगल्या खेळपट्टीवर गोलंदाजी, इंग्लंड ४४५, त्यातही मुरलीचे १५५ धावांत ७. दुसऱ्या डावात ६५ धावांत ९. मनगटाने ऑफस्पिन टाकणारा गोलंदाज, त्यामुळे बोटवाल्यापेक्षा कितीतरी जास्त पीळ. तो चेंडू टाकतो की फेकतो, हा त्याच्या हाताबद्दलचा वाद आयसीसीच्या तपासण्या आणि कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होऊ देणाऱ्या नियमाने संपला आहे. मी तो पुन्हा उकरणार नाही.

वॉर्नला भारतात मात्र मार पडला. ९ कसोटी, ३४ बळी, सरासरी ४३. १९९८ मध्ये चेन्नईला पहिल्या डावात त्याने सचिनला ४ धावांवर बाद केलं. दुसऱ्या डावात सचिनने लेग स्टंपबाहेरच्या खडबडीतून, म्हणजे गोलंदाजांच्या पावलांनी उखडलेल्या जागेतून, येणारा त्याचा चेंडू मिडविकेटवर झोडत नाबाद १५५ केल्या. २००१ मध्ये कोलकात्याला लक्ष्मणने खडबडीतूनच त्याला कव्हरमधून आणि मिडविकेटमधून, दोन्हीकडे मारलं. आपल्या फलंदाजांचा तो पराक्रमच. पण २००४ मध्ये तोच वॉर्न परत आला, चेन्नईत १२५ धावांत ६ बळी घेतले आणि त्या दौऱ्यात तीन कसोटींत १४, सरासरी ३०. तेव्हा खांदा आणि बोट आधीच शस्त्रक्रिया झालेले, गुगली आणि फ्लिपर (टप्प्यानंतर खाली राहून सरकणारा चेंडू) जवळजवळ संपलेले. उरला होता लेगब्रेक, म्हणजे नेहमीचा बाहेर वळणारा चेंडू, त्याच्याच पाच-सहा छटा, आणि डोकं. २००५ च्या ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलिया हरली, वॉर्नने ४० बळी घेतले, सरासरी २० च्या आत. हरलेल्या मालिकेत, इंग्लंडच्या मातीवर.

म्हणून विचारलंतच तर सांगतो: मी वॉर्नला एक पाऊल पुढे ठेवतो. आकडा कमी असूनही. कारण त्याने घरचे बळी अशा खेळपट्ट्यांवर मिळवले ज्या फिरकीवाल्यासाठी तयार केलेल्या नव्हत्या, आणि शस्त्रं एकेक करून गळून पडत असताना शेवटच्या तीन-चार वर्षांत तो आणखी अवघड होत गेला. मुरली त्याच्या लगेच मागे आहे, आणि उद्या कोणी उलटा क्रम लावला तर मी भांडणार नाही. कुंबळे आणि अश्विनमध्ये मला निवड करता येत नाही. अश्विनकडे कला जास्त, कुंबळेने परदेशात जिंकून दिलेले सामने जास्त. २००२ ला हेडिंग्लीत, ढगाळ हवेत हिरव्या पट्टीवर दोन फिरकीवाले खेळवून भारताने डावाने सामना जिंकला, त्यात कुंबळेचे ७ बळी होते.

आकडे मी बघतच नाही असं नाही. मी वेगळे बघतो. बळींत पहिले सहा फलंदाज किती? सामन्याच्या पहिल्या डावात मिळालेले किती, शेवटच्या डावात किती? संघ हरला त्या सामन्यांत काय केलं? एका बळीला किती चेंडू लागतात? षटकामागे धावा कमी दिल्या हे कौतुकाचं, पण तेवढ्यावर महान ठरत नाही. आपले नाशिकचे बापू नाडकर्णी, जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. सलग २१ निर्धाव. टप्पा आणि दिशा यांवर इतकी हुकूमत कसोटीत फार थोड्यांना मिळाली. संघासाठी ते सोनं होतं. पण फलंदाजाला चूक करायला भाग पाडणारा आणि त्याला धाव न देणारा, या दोघांत फरक आहे.

क्षेत्ररक्षकही हिशेबात घ्या. १९७१ मध्ये ओव्हलला चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं आणि वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पायाशी, हेल्मेटशिवाय एकनाथ सोलकर उभे होते. ॲलन नॉटचा झेल पुढे झेपावून जमिनीलगत टिपलेला त्यांनीच. २७ कसोटींत ५३ झेल! बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट या फिरकी चौकडीच्या विकेट मोजताना त्यातल्या किती सोलकरांच्या हातांतून आल्या, हे कोणी मोजत नाही. आजच्या गोलंदाजाला डीआरएसचा, म्हणजे पंचांच्या निर्णयाची टीव्हीवर फेरतपासणी मागण्याचा, आधार आहे. पॅड पुढे टाकून अडवणाऱ्याविरुद्ध आता पायचीत मिळतो. प्रसन्ना-बेदींना तो मिळत नसे. दोन काळांतल्या सरासऱ्या शेजारी ठेवताना एवढं ध्यानात ठेवावं.

आणि काहींचा कसोटी आकडा नसतोच. मुंबईचे डावखुरे फिरकीवाले पद्माकर शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांचा काळ आणि बेदींचा काळ एकच होता. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी २० च्या आत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध चेपॉकवर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. त्यांचा चेंडू हातातून सुटताना पाहिलेला कोणीही त्यांना या चर्चेतून वगळणार नाही. मुंबईचेच सुभाष गुप्ते ३६ कसोटी खेळले, १४९ बळी. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे ९ गडी एका डावात टिपले. त्या संघात सोबर्स होते, आणि गॅरी सोबर्स यांनी पुढे आयुष्यभर गुप्त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हटलं, वॉर्न येऊन गेल्यानंतरही. फलंदाजाची साक्ष मी तक्त्यापेक्षा वर ठेवतो.

तुम्हाला स्वतः जोखायचं असेल तर कुंबळेचा सिडनीतला तो पहिला डाव शोधून बघा. चेंडू टप्पा पडायच्या क्षणी चित्र थांबवा आणि फलंदाजाचे पाय कुठे आहेत ते बघा. मग पुढे चालवा. मार्टिन आणि पाँटिंगच्या विकेटपाशी असं दोन-तीनदा केलंत की गहुंजेच्या बारा बळींशेजारी ते आठ कुठे ठेवायचे, हे तुम्हीच ठरवाल.